गाठ की दोरी

४ मार्च

बारक्या,

प्रिय वगैरे लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच बारक्या.

पोस्टमनने तुझं पत्र दुकानात आणून दिलं तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला थांबवून मी पाकीट फोडलं. सहा वर्षांत एक ओळ नाही, तेव्हा मला वाटलं कुणाला तरी काहीतरी झालंय. किंवा बाबांची चौकशी केली असशील. निदान मला चार शिव्या तरी घातल्या असशील. आणि आत काय, तर 'ताई, घरी हॅमॉक बनवायचाय, दोरी कुठली घ्यावी?'

तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समज.

तुला दुसरं काही विचारायला सुचलं नाही? ज्या वस्तूने या घराचे दोन तुकडे केले तीच वस्तू पुन्हा बनवायची, आणि सल्ला मागायचा तो माझ्याकडे? तुझ्या त्या शहरात दोरीची दुकानं नाहीत की तिथल्या दुकानदारांना तोंड नाही? पोरीच्या शाळेने कॅम्पला जाताना प्रत्येकाने घरी बनवलेला हॅमॉक आणायला सांगितलाय, विकतचा चालणार नाही, हे सगळं लिहिलंस. शाळा शहाणी दिसते. पण मग शाळेत सांगायचंस ना, की आमच्या घरात ही वस्तू बनत नाही.

बाबा कसे आहेत ते तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. खुब्यात सळई आहे. घरातून दुकानात यायला मध्ये एकच दार आहे, ते तुला माहीत आहे. तेवढं ओलांडायला त्यांना वॉकर घेऊन सात मिनिटं लागतात. मी घड्याळ लावलं नाही, ते स्वतःच मोजतात आणि मला सांगतात. सकाळी सात मिनिटं, संध्याकाळी नऊ. शिडीवर उभं राहून वरच्या फळीवरचं रीळ एका हाताने खाली घेणारा माणूस आता खुर्चीत बसून कापलेल्या तुकड्यांच्या गुंड्या करतो.

तुझी गाठ सुटली आणि हे झालं. तळ्याकाठी तू दोन झाडांना ती जाड कापडाची झोळी बांधलीस, 'बाबा, पहिले तुम्ही' म्हणालास, ते बसले, पाय हलवून हसले, आणि दाणकन खाली मुळावर आदळले. गाठ सुटली. हे सगळ्यांना माहीत आहे. मी पुन्हा कशाला लिहितेय कुणास ठाऊक.

आणि तू काय केलंस? 'दोरीवाल्याच्या घरात जन्मून तुला एक गाठ मारता येत नाही, माझ्यासमोर येऊ नकोस,' असं बाबा म्हणाले. खुबा मोडलेला माणूस कळांनी काहीही बोलतो. तू ते लगेच मनावर घेतलंस. बायको, तीन वर्षांची पोर आणि दोन बॅगा घेऊन महिन्याच्या आत गाव सोडलंस. झाडं छाटायचं कामही सोडलंस. इथल्या प्रत्येक उंच झाडावर दोर टाकून चढलेला माणूस आता कुठल्याशा गोदामात खोकी मोजतो, असं तुझ्या मेव्हण्याने सांगितलं. त्याच्याकडूनच कळायचं मला. तुला तोंड नव्हतं का?

उत्तर देतेय ते बहीण म्हणून नाही. दुकानात आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, गिऱ्हाइकाला तसंच परत पाठवायचं नाही, ही बाबांची शिकवण म्हणून. तर गिऱ्हाईकसाहेब, आधी मला हे कळवा. कापड कुठलं आहे? झाडांमध्ये अंतर किती? बसणाऱ्याचं वजन किती? किती दिवस उन्हात राहणार? एवढं कळल्याशिवाय दोरी सांगता येत नाही, हे तुम्हालाही माहीत असायला हवं होतं.

आणि एक गोष्ट आताच सांगते. ती पांढरी, चकचकीत, प्लास्टिकची दोरी, जिला आपण दुकानात पीपी म्हणतो, ती घेऊ नकोस. कुणीही हातात दिली तरी घेऊ नकोस.

ताई


९ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर चार दिवसांत आलं. म्हणजे सहा वर्षं पोस्ट चालू होतं तर.

तुझ्या पाकिटातून चार वस्तू निघाल्या: अंतरं लिहिलेला कागद, शाळेची चिठ्ठी, तू तिथल्या बाजारातून आणलेल्या दोरीचा तुकडा आणि पोरीचं चित्र. चित्राबद्दल शेवटी बोलते, कारण त्याचाही मला राग आलाय.

आधी दोरी. तू पाठवलेला तुकडा नायलॉनचा आहे. मजबूत आहे, त्यात खोट नाही. पण नायलॉन ताणतं. तू बसलास की दोरी लांबत जाणार आणि अर्ध्या तासात तुझं बूड जमिनीला टेकणार. दव पडलं की आणखी लांबणार. झाडावर चढताना तुला तोच ताण उपयोगी पडायचा, झटका खायचा, म्हणून तुझा हात आपोआप तिकडे गेला असेल. झोळीला तो गुण नको. सुती दोरी हाताला छान लागते, पण ओली झाली की महिन्याभरात आतून कुजते. काथ्या पोरीच्या हाताची साल काढेल. राहिली पॉलिस्टर. विणलेली घे, पिळाची नको, करंगळीपेक्षा जरा बारीक. ताणत नाही, ऊन सोसते, गाठ धरून ठेवते. तीच घ्यायची. यावर चर्चा नको.

वजन पोरीचं अठ्ठावीस किलो लिहिलंस. शाबास. आणि शाळेच्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचलंस का? 'पालकांनी आधी स्वतः बसून खात्री करावी.' म्हणजे दोरी तुझ्या वजनाची हवी. तिच्या नाही. शिवाय ताठ बांधू नकोस. दोरी जितकी ताठ, तितका दोन्ही टोकांना ओढा जास्त. पोट सुटलेल्या माणसासारखी मध्ये खाली लोंबली पाहिजे.

दुकानदार नवी म्हणून जुनी दोरी गळ्यात मारतात, तेव्हा घेताना एक बघ. तुकडा दुमडायचा आणि दुमडलेल्या जागी नखाने ओरखडायचं. नखाखाली पांढरी भुकटी आली तर समजायचं, ही उन्हात राहिलेली आहे. दिसायला कोरी, आतून मेलेली. आपल्या खिडकीतलं रीळ आठवतं का तुला? नुसतं दाखवायला ठेवलेलं. बाबा त्याच्या टोकाला लाल दोरा बांधून ठेवायचे. लाल दोरा दिसला की कात्री लावायची नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. आपण दोघं शाळेत जायच्या आधी हे शिकलो होतो.

असो.

बाबांनी विचारलं, ही पत्रं कुणाची. मी म्हटलं, बाहेरगावचं एक गिऱ्हाईक आहे, पोरीसाठी हॅमॉक करतंय. मला वाटलं, हॅमॉक म्हटल्यावर ते तोंड फिरवतील. त्यांनी हातातली गुंडी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याला सांग, झाडाला नुसती दोरी बांधू नको. साल सोलते. झाडाला रुंद पट्टा, पट्ट्याला दोरी." मी लिहून घेते म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा, "आणि झाड हलवून बघ म्हणावं आधी. वाळकं असलं तर वरून फांदी येते." दुपारी जेवताना, "दोरी किती मागितली त्याने? आठ वाव पुरे होईल. वर एक हात दे." गाठीचा हात, तो काही ते अजून विसरले नाहीत. दोन्ही हात पसरून एकेक वाव मोजायचा आणि शेवटी प्रत्येकाला कोपरापर्यंतचा एक हात जास्त द्यायचा, कारण गाठीत दोरी जाते आणि गिऱ्हाईक ते धरत नाही.

मग म्हणाले, "बरा माणूस दिसतो. विचारून घेतो. नाहीतर लोक आधी पडतात आणि मग विचारतात."

मी भाताच्या ताटात बघत राहिले. तुझ्यामुळे मला आता बाबांशी खोटंही बोलावं लागतंय, हे लक्षात ठेव.

आता चित्र. हॅमॉकमध्ये चार माणसं बसवलीत पोरीने. तू, तुझी बायको, ती स्वतः आणि चौथा काठीवाला म्हातारा. त्याच्याखाली 'आजोबा'. तिने त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि बाबांच्या हातात काठी नव्हती. म्हणजे काठीचं तू सांगितलंस. घरात बसून पोरीला आजोबांच्या गोष्टी सांगता येतात, पण इथे एक ओळ पाठवता येत नाही. आणि आत्या कुठे आहे त्या चित्रात? मी सगळा कागद पालथा घालून बघितला.

चित्र काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. बाबा त्या बाजूला बसत नाहीत.

ताई


१३ मार्च, सकाळ

बारक्या,

तुझं पत्र आत्ता वाचलं आणि आत्ताच लिहितेय, रागात.

काय म्हणे, 'ताई, दोरी दुकानातूनच पाठव आणि सगळ्या गाठी तूच मारून पाठव, मी नुसता आकडा अडकवेन.' का? तर तुझ्या हाताला गाठ येत नाही. दोरी हातात घेतली की बोटं थरथरतात. सहा वर्षांत एकही गाठ मारली नाहीस. परवा पोरीने बुटाची नाडी बांध म्हणून पाय पुढे केला आणि तू तिच्या आईला हाक मारलीस.

नाडी, बारक्या? बुटाची नाडी?

तू आठ वर्षांचा असताना दुकानातल्या फळीला उलटा लटकायचास, ते स्वतःच्या गाठीवर. बाबा गिऱ्हाइकांना ओढून आणून दाखवायचे. मला कधी कुणी दाखवलं नाही कुणाला, मी खाली बसून पावत्या लिहायचे. वीस वर्षं तू तुझ्या गाठीच्या भरवशावर झाडांवर काढलीस, ढग येतात तेवढ्या उंचीवर, आणि एकदा कुणीतरी म्हटलं गाठ सुटली, की संपलं सगळं? भांडला का नाहीस? तुझी गाठ कधी सुटली होती याच्या आधी? एकदा तरी सुटली होती? मग त्या दिवशीच कशी सुटेल, असा साधा प्रश्न तुझ्या डोक्यात आला नाही? मान खाली घातलीस आणि घरी जाऊन बॅगा भरल्यास. जरा म्हणून

गिऱ्हाईक आलंय. नंतर लिहिते.


१३ मार्च, दुपार

बारक्या,

गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी शटर अर्धं खाली ओढून बसले आहे. सकाळचा कागद फाडणार होते, पण राहू दे. दोन्ही एकाच पाकिटात घालते.

तुझी गाठ सुटली नव्हती.

तू बाबांना घेऊन गाडीतून दवाखान्यात गेलास आणि मी सामान आवरायला मागे राहिले, तेव्हा मी पाहिलं. दोन्ही झाडांवर दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. तुटली होती ती दोरी, गाठीपासून हातभर अंतरावर. तुटलेलं टोक जुन्या झाडूसारखं पिंजारलेलं होतं आणि हात लावला तर भुकटी पडत होती.

ती दोरी मी दिली होती. तुला आठवत असेल. आदल्या दिवशी दुपारी तू घाईघाईत आलास आणि आठ वाव दे म्हणालास. चांगली दोरी वरच्या फळीवर होती आणि शिडी शेजारच्या पेंटरने नेली होती. दुकानात चार माणसं उभी होती. त्यांच्यातल्या कुणालाही मी थांबा म्हटलं असतं, शिडी आणायला गेले असते. तू घरचा. घरच्याला काय, चालेल, म्हणून मी खिडकीतल्या रिळाला हात घातला. तीच पांढरी, चकचकीत पीपी, तीन उन्हाळे खिडकीत तापलेली. लाल दोऱ्याचं टोक मी आधी कापलं, कचऱ्यात टाकलं आणि मग तुझी दोरी मोजली. आठ वाव. वर एक हात.

तू ती बोटांत फिरवलीस आणि म्हणालास, "ताई, ही जरा कडक वाटते गं."

मी म्हटलं, "दुकान तू चालवतोस की मी?"

तू हसलास आणि गेलास.

तळ्याकाठी मी त्या दोन गाठी सोडल्या. का सोडतेय ते स्वतःलाही सांगितलं नाही. सामान आवरतेय, एवढंच. तू त्या आठाच्या आकड्यासारख्या गाठी मारल्या होत्यास, वजन पडून त्या इतक्या आवळल्या होत्या की नखं तुटली तरी हलेनात. शेवटी चमच्याची दांडी खुपसून सोडवल्या. तुझी एक गाठ सोडायला मला पाव तास लागला, बारक्या. सुटणारी गाठ अशी नसते, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

दवाखान्यात आले तर बाबांना ऑपरेशनला न्यायच्या तयारीत होते. तू पलंगाच्या पायाशी उभा होतास. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि तीनच शब्दांचा प्रश्न विचारला. आयुष्यभर पडझडीच्या बातम्या ऐकल्यावर ते जे विचारत आले तेच. "गाठ की दोरी?"

मी म्हटलं, "गाठ."

आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. पुढचे बोल त्यांनी तुला लावले ते मी ऐकत उभी राहिले. आणि तू, गाढवा, मान खाली घातलीस. तू जर तेव्हा 'दोरी दाखव' म्हणाला असतास तर पिशवी माझ्या खांद्यावरच होती. दोन शब्द. सहा वर्षं मी तुझ्यावर जळतेय ती या दोन शब्दांसाठी. तू विचारलं असतंस तर मला सांगावंच लागलं असतं, आणि मी सुटले असते. हा राग किती उफराटा आहे ते मला कळतं. तरी तो आहे, आणि आजही आहे.

नंतर का नाही सांगितलं? बाबा घरी आले तेव्हा त्यांनी दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "गाठीचं सोडा, पण दोरीत माझी मुलगी कधी चुकायची नाही." चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी ओढून मला दाखवलं. ते मला सोडवेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता तू खोकी मोजायला लागलास. मेव्हण्याने सांगितलं त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांवर ओरडले आणि कुणालाच कळलं नाही का ते.

तुला कधीच संशय आला नाही? खरं सांग. कडक वाटते असं तू स्वतः म्हणाला होतास. तुला आठवत असूनही माझी लाज राखायला गप्प बसला असशील, तर मी तुला कधीच माफ करणार नाही. आणि खरंच विसरला असशील, तर मला कशी माफी मागावी तेही सुचत नाही. चुकले, एवढंच लिहिते. फार चुकले.

सोबत त्या तुटलेल्या दोरीचा एक तुकडा पाठवतेय. खिळ्यांच्या डब्यात तळाशी ठेवला होता. सहा वर्षं. दुमड आणि नखाने ओरखड. मग पोरीला हाक मार आणि तिच्या बुटाची नाडी बांध. बोटं थरथरली तर थरथरू देत, पण बांध.

गाठी मी मारून पाठवणार नाही.

बाबांना उद्या सकाळी सांगणार आहे. हे लिहून ठेवलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. पत्र आत्ताच पेटीत टाकते.

ताई


१६ मार्च

बारक्या,

सांगितलं.

परवा सकाळी, शटर उघडायच्या आधी. ते सात मिनिटांचा प्रवास करून खुर्चीत टेकले होते आणि गुंडी करायला तुकडा उचलला होता. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, तळ्यावर गाठ सुटली नव्हती. दोरी तुटली होती."

त्यांचे हात थांबले. मग विचारलं, "कुठलं रीळ?"

"खिडकीतलं."

"लाल दोरा?"

"मी कापला."

एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील, हातातलं फेकून मारतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ते वॉकर घेऊन उठले, खिडकीपाशी गेले, तिथल्या आताच्या रिळाचं टोक चाचपून लाल दोरा आहे ना बघितलं आणि घरात निघून गेले. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. दुपारी त्यांनी स्वतः उठून स्वतःचं ताट वाढून घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस एका हाताने वॉकर आणि दुसऱ्या हाताने ताट धरून स्वयंपाकघरात उभा होता आणि मला पुढे व्हायची छाती झाली नाही. काल दिवसभर तेच. एक शब्द नाही. आता कळतं मला, तू कसा राहिलास ते. मला दोन दिवसही जाईनात.

आज सकाळी दहाच्या सुमाराला ते दुकानात आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते बाहेरगावचं गिऱ्हाईक. तोच ना?"

"हो."

"पोरगी किती वर्षांची झाली?"

"नऊ. शाळेचा कॅम्प आहे चोवीस तारखेला."

"पॉलिस्टरचं रीळ काढ. वरच्या फळीवरचं."

मी शिडी लावून चढले. शिडी आता दुकानातून कुणाला देत नाही, हेही तुला सांगून ठेवते. रीळ काउंटरवर ठेवलं आणि कात्री घेतली, तर म्हणाले, "तू नको."

बारक्या, वाव मोजायला दोन्ही हात लागतात. त्यांनी पाठ काउंटरला टेकवली आणि वॉकर सोडला. सहा वर्षांत त्यांना दोन्ही हात मोकळे ठेवून उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. पहिल्या वावाला तोल जरा गेला. मी धरायला गेले तर "बाजूला हो" म्हणाले. पूर्वीसारखे हात आता पसरत नाहीत, वाव आखूड पडतो, ते त्यांना कळत होतं, म्हणून दर वावाला ते चार बोटं जास्त घेत होते. मोठ्याने मोजत होते. आठ म्हणाले तेव्हा कपाळावर घाम आला होता. मग गाठीचा एक हात. मग आणखी एक हात.

मी म्हटलं, "बाबा, दोन झाले."

"एक त्याचा राहिला होता," म्हणाले. "मागच्या वेळचा धरायचा नाही."

दोरी दुमडून नखाने ओरखडली. नख उजेडात धरून बघितलं. मग कापली. मी पोस्टात टाकायला पुठ्ठ्याचा खोका काढला, तर त्यांनी दोरीवर हात ठेवला. "पोस्टाने नाही जायची. त्याला लिही, येऊन घेऊन जा. गाठ इथे मारायची, माझ्यासमोर. मागच्या अंगणात दोन झाडं आहेत."

"त्याच्या हाताला आता गाठ येत नाही म्हणतो."

यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "कुणामुळे येत नाही ते मला कळलंय. मीही बोललो होतो. त्याला लिही, शाळेने सांगितलंय ना आधी मोठ्या माणसाने बसून बघावं. तर मी बसणार. पोरीच्या आधी मी."

डॉक्टर काय म्हणतील, असं मी विचारलं. डॉक्टरला दोरीतलं काय कळतं, म्हणाले.

तर असं आहे. रविवारी या, तिघंही. येताना कापड आण, रुंद पट्टा इथे आहे. झाडं मी हलवून बघितली, भक्कम आहेत. बाबा माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात आणि चहा स्वतः करून घेतात. पुढचं पुढे. त्यात तू पडू नकोस आणि माझी बाजू घेऊन काही बोललास तर बघ.

एकच सांगणं आहे. दारात आलास की मान खाली घालून उभा राहू नकोस. सहा वर्षांचं जे काही साठलंय ते तिथेच, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्या आवाजात बोल. मी ऐकून घेईन, मध्ये तोंड उघडणार नाही. आणि पोरीला म्हणावं, चित्रात एका माणसाची जागा राहिली आहे, ती ठेवायची की नाही ते तिने मला बघून ठरवावं.

दोरी काउंटरवर ठेवली आहे. टोकाला लाल दोरा नाही. मी दोनदा बघितलं, आणि माझ्यानंतर बाबांनी बघितलं.

ताई